माझ्याच पेपरची घंटा

“उठलीच आहेस, तर जरा ऑफिसातून सप्लिमेंटचा गठ्ठा घेऊन ये ना.”

मॅडम हसून म्हणाल्या. रागाने नाही, हसून. आणि सगळा ब्लॉक हसला.

मी बाकाच्या बाहेर अर्धी उभी होते. हातात उघडं पेन. बाकावर माझी उत्तरपत्रिका, तिच्यावर माझा बारकोड. शेजारी हॉलतिकीट, त्यावर माझा फोटो. टी.वाय.बी.ए., शेवटचं सेमिस्टर, राज्यशास्त्र. वय वर्षं अडतीस. मी त्या दिवशी त्या खोलीत परीक्षा द्यायला बसले होते, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही.

झालं एवढंच. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, सप्लिमेंट.” आणि मी उठले.

मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. माझे पायच उठले. याच दादरच्या कॉलेजात, याच चार नंबरच्या ब्लॉकात अकरा वर्षं परीक्षेच्या दिवसांत मी तेच करत आले. सप्लिमेंट दे, ती बांधायला दोरा दे, पाण्याचा जग फिरव, अर्धा वेळ झाला की घंटा वाजव. मी इथली शिपाई. कंत्राटी. पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला मावशी म्हणतात.

उठले तिथेच मी शरमून खाली बसले असते, तर विषय मिटला असता. लोक हसले असते आणि विसरले असते. पण मॅडम बोलल्या. आणि मी काय केलं? पेनाला टोपण लावलं. उत्तरपत्रिका नीट मिटून ठेवली. “हो मॅडम,” म्हटलं आणि गेले.

बाकीच्या पोरांना बाथरूमला जायचं तर वहीत नंबर लिहावा लागतो, वेळ टाकावी लागते, सही करावी लागते. माझी सही कुणी घेतली नाही. मी परीक्षेला बसलेली आहे हे मॅडमच्या डोक्यातच नव्हतं. आणि खरं सांगू? चालता चालता माझ्याही डोक्यातून गेलं.

ऑफिसला कुलूप. परीक्षा विभागाचे सर खाली कॅन्टीनला. मी खाली गेले. त्यांनी चहा संपवला, मग किल्ली काढली. रजिस्टरवर सही करून गठ्ठा घेतला. वर येताना जिन्यापाशी घंटा टांगलेली असते. भिंतीवर घड्याळ. साडेबारा वाजत आलेले. घंटेपाशी कुणी नाही. असणार कोण? घंटा मी वाजवते आणि मी तर रजेवर. माझ्या जागी कुणाला नेमलंच नव्हतं.

मी गठ्ठा पायरीवर ठेवला आणि घंटा वाजवली.

माझ्याच पेपरचा अर्धा वेळ संपल्याची घंटा मी माझ्या हाताने वाजवली. अगदी वेळेवर. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

पुढे सहा नंबरच्या ब्लॉकातले सर दारात उभे. “मावशी, पाणी.” तिथे जग भरून दिला. मग चार नंबरला आले. मॅडम म्हणाल्या, “आलीस? शाब्बास. वाटून टाक आता.” मी वाटल्या. दोरेही दिले. ज्याने मागितली होती त्या पोराने थँक्यू मावशी म्हटलं. मग मी माझ्या बाकावर बसले, टोपण काढलं, आणि मला माझं पुढचं वाक्य आठवेना.

अकरा ते दोन, तीन तासांचा पेपर. त्यातला जवळजवळ अर्धा तास मी कामावर होते. शेवटचा प्रश्न कोरा राहिला. निकालात सदतीस आले. पास व्हायला चाळीस लागतात.

तीन मार्क. घ्या.

राग कुणाचा धरायचा तेच मला बरेच दिवस कळत नव्हतं. त्या मॅडम काही वाईट बाई नाहीत. हे मी टोमण्याने म्हणत नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांच्या मुलीची जुनी गाइडं मला दिली होती, कव्हर घालून. गणपतीत स्टाफरूमला मोदक आणतात, तेव्हा माझा डबा बाजूला असतो. “तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवलेत हं,” म्हणतात. त्या वेगळेचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही. मोदक मात्र मी खाल्ले. चांगले असतात.

आमच्या आजीच्या हातचं पाणी त्यांच्या आजीने घेतलं नसतं. हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. आता माझ्या हातचं पाणी अख्खं कॉलेज पितं, आणि तेवढ्यावर सगळे खूश. काय ती प्रगती, म्हणतात. मीही म्हणत होते. पण हात पाण्यासाठी चालतो आणि तोच हात पेपर लिहायला बसला की दिसत नाही, ही कुठली प्रगती?

तर मी शिकायला लागले कशी, ते सांगते. आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. बारावीत असताना वडील गेले. आई दादरच्या बिल्डिंगींमध्ये भांडी घासायची. मी कामाला लागले. लग्न झालं, टिकलं नाही, परत आले. ती गोष्ट वेगळी, तिच्यात मला शिरायचं नाही. कॉलेजात कंत्राटावर लागले तेव्हा माझं पहिलं काम, लेक्चर संपलं की वर्ग झाडायचा आणि फळा पुसायचा.

मी पुसायच्या आधी वाचायची. राज्यशास्त्राचे एक म्हातारे सर होते, त्यांचं अक्षर सुंदर. फळा भरून लिहायचे. सार्वभौमत्व. सत्तेचं विभाजन. मी डस्टर हातात घेऊन उभी राहायची, वरून खाली वाचून काढायची, मग पुसायची. काही दिवसांनी एप्रनच्या खिशात छोटी डायरी ठेवायला लागले. एकदा याच मॅडम दारातून म्हणाल्या, “अगं, पुसतेयस की वाचतेयस?” मागे दोन पोरी होत्या, त्या खी खी करून हसल्या. मी भराभर पुसलं. अर्धवट वाचलेलं पुसलं. घरी जाऊन रडले. कशाला रडले तेही धड सांगता येईना मला.

मग दूरशिक्षणाचा फॉर्म भरला. वरच्या मजल्यावर स्टोअररूम आहे, जुने कागद, मोडके पंखे, तुटलेली बाकं. डब्याच्या सुट्टीत तिथे बसून वाचायचे. एका हातात चपाती, दुसऱ्या हातात नोट्स. पहिलं वर्ष निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्या वर्षाचे बाकीचे पेपरही निघाले. परीक्षेचं सेंटर माझंच कॉलेज आलं तेव्हा मला आनंद झाला होता, बोला. म्हटलं, ओळखीची जागा, टेन्शन नाही.

निकालानंतर मी कामावर गेले, तेव्हा हेडक्लार्कने पहिलं वाक्य टाकलं, “काय पदवीधर बाई, पेढे कुठायत?” त्याला माहीत होतं. मॅडम भेटल्या जिन्यात. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मनाला लावून नको घेऊस गं. या वयात प्रयत्न केलास हेच खूप आहे. आणि तुला तरी काय करायचीय डिग्री?”

मला काय करायचीय. मला ऑफिसात क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. आवक-जावकचं रजिस्टर मीच लिहिते, शिक्का मीच मारते, पोरांचे फॉर्म मीच तपासून घेते. काम माझं, खुर्ची दुसऱ्याची. त्या खुर्चीला पदवी लागते. एवढी साधी गोष्ट. पण जिन्यात मी ती सांगितली नाही. “हो ना मॅडम,” म्हटलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाची नोटीस आली. आमचा अभ्यासक्रम जुना झाला. जुन्या अभ्यासक्रमाची पुढची परीक्षा शेवटची. त्यात हा पेपर निघाला तर निघाला, नाहीतर पहिल्या वर्षापासून नव्याने सुरुवात. माझी सहा सेमिस्टरं एका पेपरला टांगलेली. नोटिशीवर शिक्का मारून ती बोर्डावर मीच लावली.

उत्तरपत्रिकेच्या कॉपीसाठी मी अर्ज केला होता. ती मोबाइलवर आली. स्टोअररूममध्ये बसून बोटाने मोठं करून करून बघितली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर, शहरांतल्या स्थानिक स्वराज्य संस्थांवर. छान चाललं होतं, अक्षरही बरं होतं. मग एक वाक्य, “या दुरुस्तीमुळे शहरातल्या सामान्य माणसाला आपल्या” आणि तिथे थांबलं. पुढे काही नाही. खालून एकदम नवीन प्रश्न, घाईघाईचं, तिरकं अक्षर.

आपल्या काय? मला आजही आठवत नाही मी काय लिहिणार होते. त्या शब्दावर मी उठले होते.

तेव्हा मला राग आला. आधी मॅडमचा. मग कॉलेजचा. आणि मग जो आला तो माझा स्वतःचाच. इतका की मी स्टोअररूममधल्या मोडक्या बाकावर मूठ आपटली आणि हाताला फळीचं कुसळ गेलं.

घरी आईला सांगितलं. चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही वडाळ्याला भाड्याच्या खोलीत राहतो. आई खाटेवर बसून लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

“तू आपली आपण उठलीस व्हय?”

“हो.”

“कुणी हाक मारायच्या आधी?”

“हो गं आई. किती वेळा विचारशील?”

ती म्हणाली, “मीच शिकवलं तुला. हाक आली की आधी उठायचं, मग काय म्हणून विचारायचं.”

खरंच शिकवलं होतं. लहानपणी ती मला बरोबर न्यायची कामावर. स्वयंपाकघराच्या दाराशी बसवायची. बाईंनी हाक मारली आणि मी बसून राहिले तर घरी आल्यावर पाठीत धपाटा. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उशिरा उठणारीचं काम जातं. तिने चार घरं धरून ठेवली ती चटकन उठून. तिच्या उठण्यावरच आम्ही जेवलो.

अभ्यास तर मी करत होतेच. पण त्या रात्री माझ्या लक्षात आलं की माझा कच्चा विषय राज्यशास्त्र नव्हेच. मला बसता येत नाही. तीन तास एका जागी, स्वतःसाठी, कुणी काहीही म्हटलं तरी. हे मला अडतीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं.

आईला म्हटलं, “तूच शिकवलंस ना? मग आता तूच मोड.”

तेव्हापासून दर रविवारी अकरा ते दोन आमची परीक्षा. मी जमिनीवर पाट मांडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. आई खाटेवर लसणाची परडी घेऊन. आणि तिचं काम काय, तर मला हाका मारायचं. मध्येच, अचानक.

“ए, पाणी आण गं!”

“अगं, दूध उतू चाललं!”

“मावशी, जरा इकडे या!”

मी उठले की ती एक पाकळी बाजूला काढून ठेवायची. पहिल्या रविवारी दोन वाजता मोजल्या. अकरा पाकळ्या. आई म्हणाली, “तुझ्या डिग्रीची चटणी होतीय बघ.” आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मात्र मला फार थकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या रविवारी नऊ. मग सहा. दुधाला मी हमखास उठायची, गॅस बंद आहे हे माहीत असून. चौथ्या रविवारी आईने नवीनच काढलं. ती तिच्या जुन्या मालकिणींच्या आवाजात बोलायला लागली. हुबेहूब. मला ठाऊकच नव्हतं की तिच्या पोटात इतके आवाज साठलेत. एक नाकातून बोलणारी. एक गोड, साखर पेरणारी. एक नुसती टिचकी वाजवणारी.

“बाई, जरा येऊन जा हो, दोनच मिनिटं. ताप आहे का तुम्हाला? असू दे, भांडी थोडीच आहेत.”

मी लिहीत होते. मान वर केली नाही. थोड्या वेळाने वाटलं, आई गप्प का झाली? बघितलं तर ती पदराने डोळे पुसत होती. मी उठायला गेले.

“बस खाली,” ती ओरडली. “बस म्हन्ते ना! लिही.”

मी बसले. त्या दिवशी परडीबाहेर एकच पाकळी होती, आणि ती तिच्यासाठी उठले म्हणून.

परीक्षेच्या आधी मी एक अर्ज लिहिला. सेंटर बदलून मिळतंय का बघितलं होतं, मिळालं नाही. म्हणून प्राचार्यांच्या नावाने सरळ लिहिलं. अमुक तारखेला मी रजेवर आहे. त्या दिवशी मी या केंद्रावर परीक्षार्थी आहे. परीक्षेच्या वेळेत मला कोणतंही काम सांगू नये, ही विनंती.

परीक्षा विभागाच्या सरांनी वाचला आणि हसले. “हे काय लेखी-बिखी, मावशी? तोंडी सांगायचं. आपण काय परके आहोत का? एक कुटुंब आहोत आपण.”

“घ्या ना सर, कुटुंबातलाच अर्ज आहे.”

त्यांनी टेबलावर टाकला. मी उचलला, बाहेर आले, आवकचा शिक्का घेतला. रोज दुसऱ्यांच्या कागदांवर मारते तोच. माझ्या अर्जावर मारला, रजिस्टरमध्ये नंबर चढवला, आणि कॉपी पर्समध्ये ठेवली. हेडक्लार्क बघत होता. “बाईंना वारं लागलंय,” तो म्हणाला. मी शिक्का जागेवर ठेवला.

पेपरचा दिवस. पुन्हा ब्लॉक नंबर चार. पुन्हा त्याच मॅडम. योगायोग वगैरे काही नाही, त्यांची ड्यूटी नेहमी तिथेच असते, पंखा चांगला आहे. मला बघून त्या छान हसल्या. “अरे वा! चिकाटी आहे हं तुझी,” म्हणाल्या. मी नमस्कार केला. करायचाच, का नाही करायचा?

पेपर बरा होता. पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. मागून कुणीतरी सप्लिमेंट मागितली. माझे पाय हलले, खोटं कशाला सांगू. चपलेतली बोटं जमिनीवर टेकली. मी डाव्या हाताने बाकाची कड धरली आणि लिहीत राहिले. मॅडमनी स्वतः उठून सप्लिमेंट दिली. दिली की! आभाळ कोसळलं नाही.

साडेबारा वाजून गेले. घंटा झाली नाही. घड्याळ मला दिसत होतं. बारा तेहेतीस. बारा पस्तीस. वाटलं, माझंच काहीतरी राहून गेलंय. लोक वेळ विचारायला लागले. मॅडम दारापर्यंत गेल्या, बाहेर बघितलं, परत आल्या. आणि मग माझ्या बाकापाशी येऊन थांबल्या. हातात त्यांची बाटली.

“अगं, घंटेला कुणीच दिसत नाहीये. जरा वाजवून ये ना. आणि येताना ही भरून आण. दोनच मिनिटं.”

दोनच मिनिटं. आईने काढलेल्या आवाजासारखा तंतोतंत आवाज.

मी बाकाची कड सोडली नव्हती. “मॅडम, मी पेपर लिहितेय,” म्हटलं.

“हो गं, दिसतंय मला. पण सगळ्यांचाच खोळंबा होतोय ना.”

“मी परीक्षार्थी आहे मॅडम. मी उठणार नाही.”

माझा आवाज मोठा नव्हता. उलट खरखरला. पण पंखा सोडून दुसरा आवाज नव्हता खोलीत, सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडमचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“एवढा माज?”

“माज नाही मॅडम. पेपर आहे.”

“तुझ्यासाठी मी काय काय केलंय, विसरलीस?”

“नाही विसरले,” मी म्हटलं. आणि खरंच नव्हते विसरले. डॉक्टरांचा फोन, कव्हर घातलेली गाइडं, डबा. सगळं आठवत होतं मला त्या क्षणी, आणि लाजही वाटत होती. पण उठले नाही. मान खाली घातली आणि लिहायला लागले. पहिल्या दोन ओळी काय लिहिल्या ते मला कळलं नाही, तिसरीपासून वाक्य लागलं.

मॅडम गेल्या. बाटली टेबलावर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने घंटा झाली, कुणीतरी वाजवली. वाईट वाजवली, हात बसलेला नव्हता त्याचा. मी वर बघितलं नाही. पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रश्न आला होता, थोडा फिरवून. मी सगळं वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला. दोन वाजता उत्तरपत्रिका गोळा झाल्या, तोपर्यंत बाकावर बसून होते.

पंधरा दिवसांत कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. “ताई, तुमची कॉलेजमधली गरज संपलीय. परळला एका ऑफिसात जायचं उद्यापासून.” का, म्हणून विचारलं. “वरून आलंय,” म्हणाला. अकरा वर्षांचं कॉलेज एका फोनमध्ये संपलं. शेवटच्या दिवशी मी स्टोअररूममधून माझ्या नोट्स घेतल्या. मॅडम जिन्यात दिसल्या, त्यांनी मोबाइल कानाला लावला. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. एवढ्या वर्षांचं माणूस.

आता मी परळच्या काचेच्या बिल्डिंगीत बाराव्या मजल्यावर कॉफीचं मशीन सांभाळते. इथे मावशी म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत, कप पुढे करतात. फळे नाहीत वाचायला. स्टोअररूमही नाही. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसते, वाचते, दोन पानांत डोळे मिटायला लागतात. थकले आहे मी. हे लिहितानाही थकले आहे. आमच्या बुद्धविहारात परवा एकजण म्हणाली, “ताई, तू जिंकलीस बघ.” काय जिंकले? नोकरीची जागा गेली, क्लार्कची खुर्ची लांब गेली, निकाल अजून लागायचाय. तीन मार्क पुन्हा कमी पडू शकतात. परीक्षाच आहे ती, माझ्या बसण्याचे काही वेगळे मार्क मिळत नाहीत.

परवा आमची घरमालकीण आली होती, भाड्याचा करार नवीन करायला. दारातच उभी राहून म्हणाली, “काय आजी, बऱ्या आहात ना?” आई खाटेवर बसली होती. एरवी ती अशी कुणी आली की गुडघे दुखत असले तरी धडपडत उठते, पदर सारखा करते. त्या दिवशी उठली नाही. “बरी हाय. या, बसा,” म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होते. तिथून बघितलं.

कामाला मी उठते. उठणारच. त्याचा पगार घेते, कुणाची कॉफी थंड होऊ देत नाही. पण पास झाले तर मी एम.ए.चा फॉर्म भरणार आहे. नापास झाले तर पहिल्या वर्षाचा, पुन्हा, चाळिशीत. दोन्हीकडे तीन तासांचे पेपर आहेत, सेंटर कुठलंही येवो, ब्लॉक कुठलाही येवो, मॅडम कुठल्याही असोत. रविवारी अकरा वाजता मी पाट मांडते आणि आईला सांगते, मार हाका.

घंटा कुणी वाजवायची ते त्यांचं त्यांनी बघावं. ती होईपर्यंत मी उठणार नाही.